एमी नोएथर : थांबणाऱ्या साखळीची गोष्ट

विभाजक-विभाज्य आपण पाचवीलाच शिकवतो. २ × ३ काय आणि ३ × २ काय, उत्तर तेच, हा क्रमनिरपेक्ष गुणधर्मही मुलांना पाठ असतो. हा गुणधर्म जिथे लागू पडतो अशा रचनांचा अभ्यास म्हणजे क्रमनिरपेक्ष बीजगणित. या विषयाला आजचं रूप ज्यांनी दिलं त्या एमी नोएथर यांची ही ओळख.

२३ मार्च १८८२ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी त्यांचा जन्म झाला. वडील मॅक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. एमींनी आधी मुलींच्या शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकवण्याची परीक्षा दिली होती. म्हणजे त्या आपल्यासारख्या शाळेतल्या बाईच व्हायच्या! पण ओढा गणिताकडे. तेव्हा मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश नव्हता, प्राध्यापकांची परवानगी काढून नुसतं वर्गात बसायचं. पुढे नियम बदलला आणि १९०७ साली पॉल गॉर्डान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना डॉक्टरेट मिळाली. तीनशेहून जास्त राशी लांबलचक आकडेमोड करून काढलेला तो प्रबंध नंतर त्यांना स्वतःलाच आवडेनासा झाला.

पुढची सात वर्षं एर्लांगेनला बिनपगारी काम. १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी त्यांना गॉटिंगेनला बोलावलं. तिथेही स्त्रीला अध्यापक नेमायला काही प्राध्यापकांचा विरोध होता. म्हणून तासांच्या जाहिरातीत नाव हिल्बर्ट यांचं आणि वर्गात शिकवायच्या नोएथरबाई! स्वतःच्या नावावर शिकवायला १९१९ उजाडलं, आणि थोडंफार मानधन सुरू झालं ते १९२३ मध्ये. भौतिकशास्त्रात आजही वापरलं जाणारं त्यांचं प्रमेय १९१८ सालचं, म्हणजे त्याच्याही आधीचं.

पण त्यांचं खरं घर बीजगणित. १९२१ चा त्यांचा निबंध समजायला पाचवीचं गणित पुरतं. ६० चे सगळे विभाज्य घ्या. ते सगळे ३० च्या विभाज्यांत बसतात, ३० चे १५ च्या, १५ चे ५ च्या आणि ५ चे १ च्या विभाज्यांत. १ चे विभाज्य म्हणजे सगळेच पूर्णांक. झालं, पुढे वाढायला जागाच नाही! कुठूनही सुरुवात करा, संच मोठे होत जातात पण साखळी कुठेतरी थांबतेच. अशा संचांना गणितात 'आयडियल' म्हणतात. आतल्या दोन संख्यांची बेरीज-वजाबाकी आतच राहते आणि आतल्या संख्येला कशानेही गुणलं तरी उत्तर आतच येतं. (५ चे विभाज्य घेऊन मुलांकडून पडताळून घ्या, त्यांना मजा येते.)

संख्यांचे मूळ अवयव पाडतो तसे आयडियलचेही तुकडे पाडता येतात का, हा प्रश्न होता. बहुपदींच्या बाबतीत ते १९०५ मध्ये इमॅन्युएल लास्कर यांनी दाखवलं होतं. हे लास्कर म्हणजे बुद्धिबळाचे जगज्जेते, बरं का! पण त्यांची सिद्धता किचकट होती. नोएथरबाईंनी दाखवलं की संख्या आहेत की बहुपदी याच्याशी देणंघेणंच नाही, चढती साखळी थांबते एवढी एकच अट पुरे. मला तर याचंच सगळ्यात नवल वाटतं. पानंच्या पानं आकडेमोड करून डॉक्टरेट मिळवलेल्या बाईंनी ती आकडेमोडच अनावश्यक करून टाकली. ही अट पाळणाऱ्या रचनांना आज 'नोएथेरियन रिंग' म्हणतात.

शिकवताना त्या भरभर बोलायच्या. सगळ्यांनाच झेपायचं नाही, पण टिकले ते घडले. हॉलंडहून आलेल्या व्हॅन डर वार्डेन यांनी त्यांच्या आणि आर्टिन यांच्या व्याख्यानांच्या आधारे 'मॉडर्न आल्जेब्रा' हे दोन खंडांचं पुस्तक लिहिलं (१९३०-३१). ही नवी पद्धत जगभर पोचली ती त्यातून.

१९३२ मध्ये झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मुख्य व्याख्यानाचा मान त्यांना मिळाला. स्त्रीला तो पहिल्यांदाच मिळत होता. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. तरी काही काळ विद्यार्थी त्यांच्या घरी जमत आणि चर्चा चाले. मग त्या अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेल्या, प्रिन्स्टनलाही व्याख्यानं देऊ लागल्या. १४ एप्रिल १९३५ रोजी, एका शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्या गेल्या. जर्मनीत त्यांना पूर्णवेळ प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही. त्यांची रक्षा ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या ओवरीत पुरलेली आहे.