वजनाचा वैरी : कॉलिन चॅपमन

घाट चढताना बैल दमले की गाडीवान आधी स्वतः खाली उतरतो. तेवढ्याने भागले नाही तर एखादे पोते उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवतो. आणखी एक जोडी जुंपणे हाही उपाय आहे; पण तो ज्याच्या गोठ्यात दुसरी जोडी आहे त्याचा! वेगवान मोटारींच्या जगातही हेच दोन मार्ग आहेत. एक तर मोठे, जोरकस इंजिन बसवायचे, नाहीतर गाडीचे वजन उतरवायचे. इटलीतील फेरारीसारख्या कारखान्यांचा भर पहिल्या मार्गावर होता. दुसरा मार्ग एका इंग्रज तरुणाने धरला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. त्याचे नाव कॉलिन चॅपमन. या मार्गाने त्याला जगज्जेतेपदे मिळाली, आणि याच मार्गावर त्याच्या गाडीतील माणसांना मोठी किंमतही मोजावी लागली. त्याच्या चरित्रातील या दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचे मद्यगृह चालवीत. दुसरे महायुद्ध संपत आले त्या सुमारास कॉलिनने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नाव घातले. विषय होता बांधकामाच्या सांगाड्यांचे शास्त्र. पूल कसा तोलला जातो, छपराच्या कैचीवर भार कसा विभागतो, हे शिकवणारा. कॉलेजात असतानाच तो विद्यापीठाच्या हवाई पथकात दाखल होऊन विमान चालवायलाही शिकला.

परंतु मन रमले ते जुन्या मोटारींच्या धंद्यात. लंडनच्या वॉरन स्ट्रीटवर त्या काळी जुन्या गाड्यांचा बाजार भरे. एका मित्राच्या भागीत कॉलिन तेथे गाड्या घेऊ नि विकू लागला. धंद्यात बरे पैसे मिळत होते, पण अभ्यासाचे व्हायचे तेच झाले. १९४८ मध्ये गणिताच्या पेपरने त्याला दगा दिला. आपल्या भाषेत सांगायचे तर एटीकेटी! पुढच्या वर्षी तो पेपर पुन्हा देऊन त्याने पदवी पदरात पाडून घेतली. ज्याच्या आकडेमोडीवर पुढे शर्यतींचे जग चालले, तो गणितातच अडकला होता, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना धीर देईल.

धंद्यालाही लवकरच ओहोटी लागली. युद्ध संपले तरी इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग चालू होते. १९४७ च्या उत्तरार्धात सरकारने खाजगी मोटारींना मिळणारा पेट्रोलचा ठरलेला वाटाही काढून घेतला. पेट्रोलच नाही तर गाडी कोण घेणार? भाव कोसळले आणि कॉलिनची कमाई त्यात गेली. न खपलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी त्याच्याकडे उरली. हेझेल विल्यम्स ही त्याची मैत्रीण. तिच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये त्याने ती गाडी नेली, तिचे जुने अंग उतरवले आणि पत्रा चढवलेल्या प्लायवुडचे नवे, हलके अंग तिच्यावर बसवले. हीच त्याची पहिली शर्यतीची गाडी. तिला त्याने लोटस, म्हणजे कमळ, असे नाव दिले. हे नाव का दिले, ते त्याने कधीच सांगितले नाही.

पुढे काही काळ हवाई दलात काढून तो अॅल्युमिनियमच्या एका कंपनीत नोकरीला लागला. इमारतींच्या बांधकामात अॅल्युमिनियम कसे वापरता येईल, हे गिऱ्हाइकांना पटवण्याचे ते काम होते. दिवसा नोकरी आणि रात्री गाड्या, असा क्रम चालू होता. अखेर १ जानेवारी १९५२ रोजी वडिलांच्या हॉटेलमागील जुन्या तबेल्यात त्याने लोटस कंपनी सुरू केली. भांडवल म्हणून हेझेलने २५ पौंड उसने दिले. १९५४ मध्ये दोघांचा विवाह झाला.

चॅपमनने कॉलेजात शिकलेले पुलाचे शास्त्र मोटारीत आणले. रेल्वेच्या लोखंडी पुलाकडे पाहिले तर त्यात त्रिकोणच त्रिकोण दिसतात. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. चॅपमनने बारीक पोलादी नळ्या अशाच त्रिकोणांत जोडून गाडीचा सांगाडा केला आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवला. सांगाडा हलका झाला आणि ताठही राहिला. हलकी गाडी लहान इंजिनावरही चटकन वेग घेते, ब्रेक दाबताच लवकर थांबते आणि वळणावर तिला बाहेर फेकणारा जोरही कमी असतो. इंजिनाची ताकद फक्त सरळ रस्त्यावर उपयोगी पडते. हलकेपणाचा फायदा मात्र सगळीकडे मिळतो. चॅपमनच्या विचाराचे मर्म हे होते.

या विचाराचे सर्वांत निखळ रूप म्हणजे १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन. या गाडीला दारे नव्हती. छप्पर कापडाचे, बसायची जागा रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर. इंजिन फोर्डच्या साध्या मोटारीतले, ११७२ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. पण साऱ्या गाडीचे वजन होते सुमारे ५०० किलो! आपल्या रस्त्यांवर एके काळी सर्वत्र दिसणारी अँबॅसडर हजार किलोंहून जड होती, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो.

ही गाडी विकत घेण्याची तऱ्हाही न्यारीच होती. इंग्लंडात त्या वेळी तयार मोटारीवर जबर विक्रीकर होता. सुट्या भागांची गाडी घेऊन ती घरी जुळवली तर तो कर पडत नसे. म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी गाडी येई ती सुट्या भागांच्या रूपात. येथेही सरकारची एक अट होती, की सोबत जुळणीची माहितीपुस्तिका देता कामा नये. यावर लोटसने काढलेली तोड प्रसिद्ध आहे. गाडी खोलावी कशी, याची पुस्तिका त्यांनी दिली. ती गिऱ्हाइकाने उलट्या क्रमाने वाचायची! मर्यादित मिळकतीच्या तरुणाला शर्यतीची गाडी बाळगण्याची वाट अशी मोकळी झाली.

अशा गाडीचा मालक होणे म्हणजे काय, याचा विचार करण्यासारखा आहे. पाऊस आला की तो भिजणार, थंडीत कुडकुडणार, सामान ठेवायला त्याला जागा मिळणार नाही. सोय म्हणून जे जे असते ते सारे चॅपमनने ओझे ठरवून काढून टाकले होते. उलट मालकाला मिळे ते असे, की गाडीचा प्रत्येक नट त्याने आपल्या हाताने आवळलेला असे. तीच गाडी रस्त्याने हाकत तो शर्यतीच्या मैदानावर जाई, तीच शर्यतीत पळवी आणि तिच्यातच बसून घरी परते. बिघाड झाला तर दुरुस्तीला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागत नसे. गाडी विकत घेतल्याने मालकी मिळते, पण ती जुळवल्याने ओळख होते. सेव्हनच्या मालकाला दोन्ही गोष्टी मिळत.

कारखाना वाढत गेला. १९५९ मध्ये तो चेशंट येथे आणि १९६६ मध्ये नॉरफोकमधील हेथेल या जुन्या लष्करी विमानतळावर गेला. शर्यतींत तर चॅपमनने एकामागून एक क्रांती केली. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला. अंड्याला आतून हाडे नसतात, कवचच सारा भार पेलते. तसे गाडीचे कवचच तिचा सांगाडा झाले. या गाडीत जिम क्लार्क १९६३ साली जगज्जेता झाला. १९६५ मध्ये क्लार्कने पुन्हा ते पद मिळवले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही लोटसमधून जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनालाच सांगाड्याचा भाग केले. इंजिन न्यायचेच आहे, तर त्याच्याकडूनही भार पेलण्याचे काम का करून घेऊ नये, हा त्यामागचा हिशेब! १९७८ च्या लोटस ७९ मध्ये गाडीखालून वाहणारी हवाच गाडीला जमिनीशी खेचून धरू लागली. चॅपमनच्या हयातीत लोटसच्या चालकांनी सहा आणि लोटस संघाने सात जगज्जेतेपदे मिळवली.

हे सारे यश खरे आहे. पण येथेच थांबलो तर चरित्र अर्धेच राहील.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे एका दुय्यम शर्यतीत क्लार्कची लोटस रस्ता सोडून झाडांवर आदळली आणि तो जागीच गेला. टायरमधील हवा गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. चॅपमनला हा घाव फार लागला. क्लार्क त्याचा केवळ चालक नव्हता, जिवलग होता. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख एकाच जागी, काही फेऱ्यांच्या अंतराने मोडले. ग्रॅहम हिल वाचला, योखेन रिंट जखमी झाला. त्यानंतर रिंटने चॅपमनला पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता, की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की नाजूक भाग भक्कम करण्यासाठी थोडे वजन वाढवले तरी आपण मागे पडणार नाही. ज्या गाडीवर आपला विश्वास आहे तीच गाडी आपण चालवू शकतो, असेही त्याने कळवले होते.

चॅपमनच्या साऱ्या आयुष्यावरचा आक्षेप या एका पत्रात आलेला आहे. आणि तो कोणा प्रतिस्पर्ध्याने नव्हे, त्याच्याच गाडीत बसणाऱ्याने घेतलेला आहे.

१९७० मध्ये रिंटने लोटसमधून पाच शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सराव चालू होता. सरळ रस्त्यावर वेग वाढावा म्हणून त्याच्या लोटस ७२ चे पंख काढलेले होते. वळणापूर्वी ब्रेक लावताना गाडी डावीकडे वळून कठड्यावर आदळली आणि रिंट मरण पावला. पुढच्या ब्रेकचा पोकळ दांडा तुटला होता. मैदानाचा कठडा नीट बसवलेला नव्हता आणि रिंटने पट्टेही पुरते बांधले नव्हते, हेही तितकेच खरे. दोष एकट्या चॅपमनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु तुटला तो दांडाच होता. त्या वर्षी रिंटचे गुण कोणालाच ओलांडता आले नाहीत. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव चालक आहे.

मला वाटते, चॅपमन निर्दय नव्हता. पण वजन कमी करण्याची त्याला इतकी सवय जडली होती, की कोणते वजन ओझे आहे आणि कोणते आधार आहे, हा भेद त्याच्या नजरेतून कधी कधी निसटे. गाडीचे दार काढले तर मालक भिजतो, आणि ते त्याने जाणूनबुजून पत्करलेले असते. ब्रेकचा दांडा तुटला तर चालक प्राणाला मुकतो, आणि तो दांडा कितपत हलका करायचा हे ठरवताना त्याला कोणी विचारलेले नसते.

अखेरची वर्षे व्यवहाराच्या गुंत्यात गेली. अमेरिकन उद्योजक जॉन डिलोरियन याच्या मोटारीचे अभियांत्रिकी काम लोटसने घेतले होते. ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ उभा राहिलेला तो कारखाना १९८२ मध्ये बुडाला, आणि लोटसच्या कामासाठी म्हणून दिलेले सुमारे एक कोटी पौंड भलतीकडेच गेल्याचे उघडकीस आले. चौकशी रंगात येण्यापूर्वीच, १६ डिसेंबर १९८२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन वारला. तो अवघा ५४ वर्षांचा होता. १९९२ मध्ये या प्रकरणी लोटसच्या एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्याला तुरुंगवास झाला. चॅपमन जिवंत असता तर त्याला याहून कितीतरी मोठी शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी नमूद केले.

माणूस गेला, विचार राहिला. १९७३ मध्ये इंग्लंडात नवी करपद्धती आली आणि सुट्या भागांच्या गाडीची सवलत संपली. त्याच वर्षी चॅपमनने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला विकून टाकले. ही कंपनी आजही ती गाडी बनवते, आणि हौशी मालक आजही ती सुट्या भागांत घेऊन घरी जुळवतात. १९९६ ते २०२१ या काळात लोटसने बनवलेल्या एलिझचा सांगाडा अॅल्युमिनियमचा होता. ज्या धातूची महती चॅपमन तरुणपणी गिऱ्हाइकांना पटवीत असे, तोच हा धातू! पहिल्या एलिझचे वजन सुमारे सव्वासातशे किलो होते.

मात्र आज सेव्हन घेऊन शर्यतीच्या मैदानावर उतरणारा मालक डोक्यामागे पोलादी कमान बसवून घेतो, खांद्यांवरून पट्टे आवळतो आणि शिरस्त्राण घालतो. या साऱ्याला वजन आहे. पण ते उतरवायचे नाही, एवढे जग रिंटच्या आणि इतर अनेकांच्या मरणातून शिकले आहे.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हे चरित्र आणखी एका कारणाने जवळचे वाटले. पुढे जायचे तर मागचे बरेच काही टाकून द्यावे लागते, असे आम्हांला वारंवार वाटते. घरची बोली, घरच्या रीती, कधी घरची माणसेसुद्धा ओझे वाटू लागतात. त्यातले काही ओझे असेलही. पण उतरवण्यापूर्वी हात लावून पाहावा. ज्याला आपण ओझे समजतो, तो कदाचित ब्रेकचा दांडा असेल.