जीवाणूंना काय हवं ते शोधणारा शास्त्रज्ञ : सर्गेई विनोग्राडस्की



नायट्रोजन चक्र शिकवताना आपण फळ्यावर दोन बाण काढतो. एक अमोनियाकडून नायट्राइटकडे, दुसरा नायट्राइटकडून नायट्रेटकडे. मुलं ते पाठ करतात आणि पेपरात काढून मोकळी होतात. पण हे बाण ज्यांनी उलगडून दाखवले, त्यांची गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. आज ती बघूया.

सर्गेई विनोग्राडस्की यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे एका सधन कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. विद्यापीठात त्यांनी आधी कायदा घेतला, तो सोडला. विज्ञान घेतलं, तेही रुचेना. मग सेंट पीटर्सबर्गला जाऊन ते पियानो शिकू लागले. तिथेही मन रमलं नाही, तेव्हा १८७७ मध्ये पुन्हा विज्ञानाकडे वळले. आजच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा 'कशातच टिकत नाही' असाच होता!

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला आंतोन द बारी या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेले. तिथे गंधकाच्या पाण्यात वाढणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं, की काही जीव चक्क खनिज पदार्थांपासून ऊर्जा मिळवतात.

१८८८ मध्ये द बारी वारले आणि विनोग्राडस्की झुरिकला गेले. अमोनियाचं नायट्रेट करण्याचं काम सजीव करतात हे तेव्हा कळलं होतं, पण ते जीव वेगळे करून वाढवणं काही जमत नव्हतं. जिलेटिनवर जीवाणू वाढवायची तेव्हा प्रचलित पद्धत होती. त्यावर इतर जीवाणू भराभर वाढत, हे मात्र वाढत नसत. विनोग्राडस्की यांनी विचार उलटा केला. जीवाणूंत दोष नसेल, आपण देतो ते अन्नच चुकत असेल तर? त्यांनी सेंद्रिय अन्न काढून टाकलं आणि फक्त अमोनियाचे क्षार व इतर खनिजं असलेलं पाणी दिलं. जीवाणू वाढले! पुढे जिलेटिनऐवजी सिलिकाची जेली वापरून त्यांनी दाखवलं, की एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हेच ते आपले दोन बाण. साल होतं १८९० च्या आसपासचं.

पुढे सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेत त्यांनी हवेतला नायट्रोजन बांधून ठेवणारा, ऑक्सिजनशिवाय जगणारा जीवाणू शोधला. १९०५ च्या सुमारास निवृत्त होऊन ते आपल्या शेतीवाडीवर राहायला गेले. क्रांतीनंतर सगळं सोडून देश सोडावा लागला. मात्र १९२२ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेचं बोलावणं आलं आणि त्यांनी पुन्हा मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम सुरू केलं. त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं काम मातीपुरतं राहिलं नाही. समुद्रातला स्पंजच घ्या. हा प्राणी पाणी आत ओढून त्यातलं अन्न गाळून घेतो आणि अमोनिया बाहेर टाकतो. काही स्पंजांच्या शरीराचा एक तृतीयांशाहून जास्त भाग सूक्ष्मजीवांचाच असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही पुढे नायट्रेट. जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे दुसरे सूक्ष्मजीव त्यापासून पुन्हा नायट्रोजन वायू तयार करतात. २००९ मध्ये नॉर्वेजवळच्या थंड समुद्रातल्या एका स्पंजात ही सगळी कामं एकाच शरीरात चालताना संशोधकांना दिसली. म्हणजे फळ्यावरचं आपलं चक्र एका जिवंत प्राण्याच्या पोटात फिरतंय!

गंमत म्हणजे स्पंजातले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत अजूनही वाढत नाहीत. त्यांना नेमकं काय हवं, हा विनोग्राडस्की यांचाच प्रश्न आजही शास्त्रज्ञांसमोर आहे.

आणि आपल्यासमोरही. वर्गातलं एखादं मूल काही केल्या फुलत नाही, तेव्हा त्याला नावं ठेवण्याआधी आपण देतोय ते त्याच्या उपयोगाचं आहे का, हे एकदा तपासून बघूया. बघा पटतंय का!