भास्कराचार्यांचा घन आणि फारसीचा पूल

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. प्रेषितांवर उतरलेला पहिला आदेश वाचनाचा होता. म्हणूनच या महिन्यात रोजा-नमाजाबरोबर इल्मचीही आठवण होते. इल्म धर्म किंवा भाषा पाहून थांबत नाही, हे महाराष्ट्राच्या मातीतले थोर गणिती भास्कराचार्य यांच्या चरित्रातून दिसते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडवीड हे गाव त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ६९व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

‘लीलावती’त व्याज, भागीदारी, त्रैराशिक असे रोजच्या व्यवहाराचे हिशेब आहेत. रमजानमध्ये जकातीचा चाळिसावा हिस्सा काढणारा दुकानदार नकळत हेच त्रैराशिक वापरत असतो. याच ग्रंथात घनाचे प्रकरण आहे. गांधीबागच्या कापड बाजारात एखादी गाठ किती जागा घेईल, हे लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकारावरून ठरते. ही तिन्ही मापे सारखी असली की झाला घन. भास्कराचार्य विद्यार्थ्याला ९चा घन विचारतात, तो ७२९. मग २७चा, तो १९,६८३. पुढे १२५चा, तो १९,५३,१२५. आणि लगेच उलट घनमूळ काढायला लावतात.

‘बीजगणिता’त ते आणखी पुढे जातात. एका संख्येच्या घनात तिची बारापट मिळवली, तर बेरीज तिच्या वर्गाची सहापट अधिक ३५ एवढी होते. ती संख्या कोणती? दोन्ही बाजूंतून वर्गाची सहापट आणि ८ वजा केले की एका बाजूला दोनने कमी केलेल्या संख्येचा घन उरतो आणि दुसरीकडे २७. २७चे घनमूळ ३, म्हणून उत्तर ५. त्यानंतर त्यांनी वर्गवर्गाचे, म्हणजे चौथ्या घाताचेही समीकरण सोडवले. त्याचे उत्तर ११. चार सारख्या मापांची वस्तू हातात धरून दाखवता येत नाही. आजचे गणिती तिला चार मितींचा अतिघन म्हणतात. भास्कराचार्यांना मात्र आकृतीवाचून अडले नाही.

त्याआधीच्या शतकात दूर निशापूरचे उमर खय्याम घनाचीच समीकरणे वक्ररेषांच्या साह्याने सोडवून गेले होते. ११३१ मध्ये खय्याम वारले तेव्हा भास्कराचार्य सतरा वर्षांचे होते. अरबी गणितात घनाला कअब म्हणतात. मक्केच्या काबागृहाचे नावही त्याच धातूतले, त्याच्या ठोकळ्यासारख्या आकारावरून पडलेले.

भास्कराचार्यांच्या पश्चात नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. १२०७ सालचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पण ग्रंथांचा प्रवास मठापाशी थांबला नाही. १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजी यांनी ‘लीलावती’ फारसीत आणली. घटिकापात्रात मोती पडला, मुलीचा लग्नमुहूर्त टळला आणि बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही घरोघरी सांगितली जाणारी कथा फैजींच्याच प्रस्तावनेतून सर्वदूर पोहोचली.

शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले. हे ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहौरी यांचे चिरंजीव. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रॅची यांनी ‘बीजगणित’ इंग्रजीत नेले, तेही याच फारसीवरून. भाषांतरकारांनी तो ग्रंथ परधर्मीयाचा म्हणून बाजूला ठेवला असता, तर जगाला भास्कराचार्य कळायला आणखी उशीर झाला असता.

अताउल्ला पुढे दख्खनेत आले. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आझमशाहची आई दिलरस बानू बेगम यांच्यासाठी बांधलेला बीबी का मकबरा त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. चौकोनी इमारत, वर गोल घुमट आणि कबरीभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी. गणिताशिवाय यातले काहीच उभे राहिले नसते. गौताळ्याच्या डोंगररांगेत एका अंगाला चांगदेवांचे पाटण आहे आणि त्या रांगेपलीकडच्या या शहरात भास्कराचार्यांच्या भाषांतरकाराने बांधलेली वास्तू. तिच्या प्रवेशद्वारावर दोन नावे कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. इल्मचा वारसा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या दारावर साडेतीनशे वर्षांपासून लिहिलेले आहे.