विश्लेषण : २२ हजार बेपत्ता सैनिकांचा ठावठिकाणा लावणाऱ्या क्लारा बार्टन कोण होत्या?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, पण हजारो घरांतला मुलगा किंवा नवरा परतला नाही आणि तो गेल्याचेही कुणी कळवले नाही. सैनिकांना सरकारी ओळखपट्टी नव्हती. अनेक कबरींवर नाव नव्हते. या कुटुंबांना उत्तर मिळवून देण्याचे काम क्लारा बार्टन यांनी हाती घेतले. ते कसे, याविषयी...

क्लारा बार्टन कोण होत्या?

जन्म २५ डिसेंबर १८२१, मॅसॅच्युसेट्स. आधी शिक्षिका, नंतर वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात कारकून. युद्ध पेटल्यावर त्या मलमपट्टीचे सामान घेऊन थेट रणांगणावर पोहोचल्या. त्यामुळेच बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक त्यांना पत्रे लिहू लागले.

शोध कसा चालायचा?

मार्च १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी या कामाला मान्यता दिली. वॉशिंग्टनमधील राहत्या खोल्यांतच कार्यालय सुरू झाले. पत्रांतील नावांच्या राज्यनिहाय याद्या छापून टपाल कार्यालयांत लावल्या जात. माहिती असलेल्या सैनिकांनी ती कळवायची. आजच्या भाषेत, हा लोकांनीच भरलेला डेटाबेस होता. सुरुवातीचा खर्च बार्टन यांनी स्वतः केला. १८६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने १५ हजार डॉलर दिले. एकूण ६३ हजारांहून अधिक पत्रे आली आणि सुमारे २२ हजार सैनिकांची माहिती मिळाली.

अँडरसनव्हिलमध्ये काय झाले?

जॉर्जियातील या युद्धकैद्यांच्या छावणीत सुमारे १३ हजार सैनिक मरण पावले. डॉरेन्स अ‍ॅटवॉटर या कैद्याने मृतांच्या नोंदींची गुपचूप नक्कल केली होती. १८६५ च्या उन्हाळ्यात ती यादी कबरींवरील क्रमांकांशी जुळवून नावे लावण्यात आली. अखेर केवळ ४६० कबरी अनामिक राहिल्या.

उत्तर मिळणे इतके महत्त्वाचे का?

मृत्यूचा पुरावा नसेल तर विधवेचे निवृत्तिवेतन अडायचे. शोकही करता येत नव्हता, कारण आशा सुटत नव्हती. यादीत नाव छापल्याबद्दल एका जिवंत सैनिकाने तक्रार केली, तेव्हा घरचे वाट पाहत आहेत, याची बार्टन यांनी त्याला जाणीव करून दिली.

पुढे काय झाले?

१८८१ मध्ये त्यांनी अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली. १२ एप्रिल १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. पाडकामाच्या बेतात असलेल्या इमारतीत १९९६ मध्ये त्यांचे जुने कार्यालय सापडले. आता तेथे संग्रहालय आहे. आप्तांचे काय झाले, हे जाणून घेण्याचा कुटुंबांचा हक्क जिनिव्हा करारांच्या पूरक मसुद्यात नोंदवला गेला तो १९७७ मध्ये. बार्टन यांनी त्यासाठी पहिली यादी छापली, त्याला तेव्हा शतक उलटून गेले होते.