वामन शिवराम आपटे : शाळेच्या वर्गातून घडलेला कोशकार

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पत्रादेवी ओलांडली की थोड्याच वेळात बांदा लागते. तेरेखोल नदीच्या काठचे हे गाव पूर्वी सावंतवाडी संस्थानात होते. या बांदा पेट्यातील एका खेड्यात १८५८ साली वामन शिवराम आपटे यांचा जन्म झाला. संस्कृत शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या बहुतेक घरांत आपट्यांचा जाडजूड संस्कृत-इंग्रजी कोश आढळतो. कोशाच्या पानांवरून रोज हात फिरतो. मात्र हा कोशकार आपल्या शेजारच्या मातीतला होता आणि कोशकार होण्यापूर्वी तो एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक होता, याची आठवण क्वचितच निघते.

वामनरावांचे बालपण लवकर संपले. आठव्या वर्षाच्या सुमारास वडील गेले. पुढील काही वर्षांत आई आणि भाऊही गेले. कोकणातून घाटावर शिक्षणासाठी गेलेल्या या मुलाला आता स्वतःचे म्हणावे असे घर उरले नव्हते. अशा मुलांची त्या काळी काय गत होत असे, हे सांगण्याची गरज नाही. मामलेदार कचेरीतील उमेदवारी हीच पुष्कळांची सीमा असे. वामनरावांचे भाग्य एवढेच की त्यांच्यावर एका शिक्षकाची नजर पडली. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलाचे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे हे ते शिक्षक. ‘राजा शिवाजी’ या काव्याचे कर्ते म्हणून कुंट्यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहेच. परंतु हुशार विद्यार्थी हेरणारे आणि त्याला आधार देणारे गुरू ही त्यांची ख्यातीही तेवढीच मोठी होती. त्यांच्या आश्रयाने हा निराधार मुलगा शिकत राहिला.

१८७३ साली वामनराव मॅट्रिक झाले ते जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वांत पुढे राहणाऱ्यांना मिळणारी ही शिष्यवृत्ती त्या काळी मोठ्या मानाची समजली जाई. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांना किलहॉर्न यांच्यासारखा गुरू लाभला. पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा हा जर्मन पंडित शब्दाचा अर्थ सांगताना आधार मागत असे. हा शब्द या अर्थाने कोणी, कोठे वापरला, हा प्रश्न वामनरावांना तेथेच चिकटला असावा. त्यांच्या पुढच्या सर्व ग्रंथांत तो दिसतो. १८७७ साली ते बी.ए. आणि १८७९ साली एम.ए. झाले. वय एकवीस. संस्कृतातील अशा पदवीधराला सरकारी शिक्षणखात्याचे दार सताड उघडे होते. ज्याच्या मागे घर नाही, पुढे केवळ स्वतःचीच कमाई आहे, अशा तरुणाने ते दार सोडून दुसरीकडे जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

ते दुसरे ठिकाण म्हणजे पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी २ जानेवारी १८८० रोजी बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात ही शाळा उघडली. सरकारी अनुदान नाही, इमारत भाड्याची, शिक्षकांच्या पगाराची शाश्वती नाही. आपटे पहिल्याच वर्षी शाळेत आले आणि सुपरिंटेंडेंट, म्हणजे आजच्या भाषेत मुख्याध्यापक झाले. गोपाळ गणेश आगरकर एम.ए. होऊन पुढच्या वर्षी येऊन मिळाले. वासुदेवराव केळकर, महादेव शिवराम गोळे, नारायण कृष्ण धारप ही मंडळी हळूहळू भोवती जमली.

या शिक्षकांत विषयांची वाटणी त्यांच्या स्वभावासारखीच पक्की होती. टिळकांकडे गणित. त्यांचा हिशेब मनातल्या मनात पुढे धावे आणि फळ्यावर थोडेच उतरे. हुशार मुले खूष, बाकीची मागे, अशी त्यांच्या तासाची ख्याती. इतिहास आणि तर्कशास्त्र आगरकरांचे, इंग्रजी साहित्य केळकरांचे, सृष्टिशास्त्र गोळ्यांचे. संस्कृत आपट्यांचे. टिळकही अधूनमधून संस्कृत शिकवीत आणि रंगून शिकवीत. परंतु वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत विषय पोचवण्याची चिंता आपट्यांच्या स्वभावात अधिक होती. तास वेळेवर लागणे, परीक्षा नियमाने होणे, हजेरी चोख असणे या गोष्टी देशभक्तीच्या इतिहासात फारशा नोंदल्या जात नाहीत. शाळा मात्र त्यांच्यावरच उभी राहते. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या तेजापुढे आपट्यांचे नाव मागे पडले ते यामुळेच.

त्यांच्या या कामाची खरी परीक्षा १८८२ साली झाली. १७ मार्चला विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. वय अवघे एकतीस. चार महिन्यांनी, जुलैत, कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर यांना कैदेची शिक्षा झाली आणि दोघांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. एकशे एक दिवसांनी, ऑक्टोबरअखेर, ते सुटले. अडीच वर्षांच्या शाळेचा संस्थापक गेलेला, दोन नामांकित शिक्षक तुरुंगात, आणि पालकांच्या मनात शंका की मुले येथे ठेवावीत की काढावीत. त्या वर्षी शाळा एक दिवसही डगमगली असती तर पुढचा सारा इतिहास वेगळा झाला असता. ती डगमगली नाही. त्याच साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळेला भेट दिली, आणि सरकारी मदतीशिवाय चालणारी इतकी उत्तम संस्था देशात आपल्या पाहण्यात आली नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. आयोगापुढे शाळेच्या वतीने साक्ष दिली ती सुपरिंटेंडेंट आपटे यांनी. पहिल्या वर्षी ३३६ असलेली विद्यार्थिसंख्या १८८५ पर्यंत १,००९ झाली. शंकरशेट शिष्यवृत्ती आता त्यांच्या विद्यार्थ्यांकडे येऊ लागली. नऊ-दहा वर्षांपूर्वी ती स्वतः मिळवणाऱ्या शिक्षकाला त्याचे काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

याच धकाधकीत आपट्यांचे लेखन चालू होते, आणि ते वर्गाच्या गरजेतून आले होते. त्या पिढीची मुले रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या दोन संस्कृत पुस्तकांवर वाढत. त्या पुस्तकांनी पाठशाळेतील घोकंपट्टीला मोठा पर्याय दिला होता; रूपे, संधी, समास मुलांना येऊ लागले होते. अडचण पुढे होती. शब्दाची सातही विभक्तींची रूपे येणाऱ्या मुलाला चार ओळींचे शुद्ध संस्कृत लिहिता येत नसे. अमुक क्रियापदाबरोबर चतुर्थी की षष्ठी, विध्यर्थ केव्हा आणि आज्ञार्थ केव्हा, अव्ययाची जागा कोणती, हे सांगणारे पुस्तक हाताशी नव्हते. ‘स्टुडंट्स गाइड टु संस्कृत कॉम्पोझिशन’ हे पुस्तक आपट्यांनी १८८१ साली, शाळा सुरू होऊन दुसऱ्याच वर्षी, प्रसिद्ध केले. वाक्यरचनेचा एकेक नियम घ्यायचा, त्याला कालिदास, भवभूती, बाण यांच्या ग्रंथांतील प्रयोगाचा आधार द्यायचा आणि खाली भाषांतरासाठी वाक्ये द्यायची, ही त्याची रीत. तेवीस वर्षांच्या शिक्षकाचे हे पुस्तक आजही छापले जाते आणि वापरले जाते. त्यानंतर ‘कुसुममाला’ हे वाचनपाठ आले, १८८४ साली इंग्रजी-संस्कृत कोश आला.

मोठा कोश १८९० सालचा. त्यापूर्वी कोश नव्हते असे नाही. विल्सन होते, मोनियर विल्यम्स होते, सेंट पीटर्सबर्गचा प्रचंड जर्मन कोश होता, बंगालमधील तारानाथ तर्कवाचस्पतींचे ‘वाचस्पत्यम्’ होते. पण हे ग्रंथ कोणी विद्यार्थ्याच्या पेटीत ठेवील असे नव्हते. किमतीनेही नाही आणि मांडणीनेही नाही. मोनियर विल्यम्सच्या पहिल्या आवृत्तीत शब्द धातूंच्या कुळांखाली लावलेले असल्याने नेमका शब्द शोधण्यासाठी आधी त्याची व्युत्पत्ती ठाऊक असावी लागे. आपट्यांनी शब्द सरळ वर्णानुक्रमाने लावले. धातूखाली मात्र उपसर्गांसह होणारे त्याचे सर्व अर्थ एकत्र दिले. ‘गम्’ पाहायला गेलेल्या मुलाला ‘अधिगम्’, ‘अनुगम्’, ‘अवगम्’ एकाच जागी भेटतात. वेदवाङ्मयाचा भार त्यांनी जाणूनबुजून मर्यादित ठेवला, कारण त्यांचा वाचक काव्य, नाटक, स्मृती आणि शास्त्रे वाचणारा होता. अर्थांना ग्रंथनिर्देशासह अवतरणांची जोड दिली. शेवटी छंदःशास्त्र, ग्रंथकारांचे काळ आणि प्राचीन भूगोल यांवर परिशिष्टे जोडली. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते प्रश्न पडतात, हे ज्याने दहा वर्षे पाहिले होते त्यालाच ती परिशिष्टे सुचू शकतात.

दरम्यान २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. पहिले प्राचार्य आपटेच. आजीव सभासदांना दरमहा पंचाहत्तर रुपयांत वीस वर्षे सेवा द्यावयाची होती. पुढे संस्थेत मतभेद माजले. सभासदांनी बाहेरची कामे आणि बाहेरची कमाई करावी की सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, हा त्यांतील एक मुख्य प्रश्न होता. टिळकांचा आग्रह दुसऱ्या बाजूचा होता आणि अखेर १८९० साली ते संस्थेतून बाहेर पडले. कोण बरोबर होते याचा निवाडा आजही एकमताने होत नाही. एवढे मात्र खरे की टिळकांच्या तत्त्वाचा कडक अर्थ घेतला असता तर कोशासारखे काम कोणत्या वेळात बसवायचे, हा प्रश्न उभा राहिला असता. आणि ज्या वर्षी टिळक गेले त्याच वर्षी तो कोश बाहेर पडला.

कोशानंतर आपट्यांना फार थोडे दिवस मिळाले. ९ ऑगस्ट १८९२ रोजी, चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. वीस वर्षांच्या सेवेपैकी बारा वर्षे झाली होती. प्राचार्यपद आगरकरांकडे आले. तेही तीन वर्षांत, चाळिशी न गाठता गेले. मग गोळे आले. आपट्यांनी पाहिलेले कॉलेज वाड्यातलेच राहिले. चतुःशृंगीच्या वाटेवरील प्रशस्त आवारातील इमारत त्यांच्या मागे उभी राहिली.

१९५७ ते १९५९ या काळात परशुराम कृष्ण गोडे आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी त्यांच्या कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती पुण्याच्या प्रसाद प्रकाशनातर्फे तीन खंडांत काढली. पानांची संख्या वाढली, नवे शब्द आले, नवी परिशिष्टे आली. कोशावरचे पहिले नाव आपट्यांचेच राहिले.