लहान चणीचा मल्ल

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी मानली जाते. राजर्षी शाहू महाराजांनी दूरदूरच्या मल्लांना आश्रय दिला, ठिकठिकाणी तालमींना उत्तेजन दिले आणि हजारो प्रेक्षकांना एकाच वेळी कुस्ती पाहता यावी म्हणून खासबागेचे मैदान बांधविले. त्यामुळे कुस्तीचे वेड तेथील मातीतच मुरले. पेठेतील लहान पोरालाही मल्ल कसा असतो हे ठाऊक असे. भरदार छाती, खांबासारख्या मांड्या, मातीत घासून चिंबलेले कान आणि डोक्यावर ऐटदार फेटा, अशी ती मूर्ती रस्त्याने निघाली की लोक आपोआप वाट देत.

अशा या नगरीत राजाराम महाविद्यालयात कऱ्हाडकडील एक तरुण शिकावयास आला. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या, तेव्हा तो कुस्तीसाठी आपले नाव नोंदविण्यास गेला. क्रीडाशिक्षकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले व नाव घेण्याचे नाकारले. त्याची चण लहान होती. अंगावर मांस बेताचेच होते. कोल्हापूरच्या मल्लाविषयी मनात जे चित्र असे, त्यात हा तरुण कोठेच बसत नव्हता.

शिक्षकांचा विचार अगदीच निराधार होता असे नाही. मातीतील कुस्तीत वजनाचे बंधन क्वचितच पाळले जाई. जोड लावताना पंच अंगलट पाहत खरे; पण एकदा शड्डू ठोकला की हलक्या मल्लाच्या पाठीवर भारी मल्ल सारा भार टाकी आणि त्याचा दम काढी. लहान चणीच्या मुलाने अशा फडात उतरावे, हे त्यांना धोक्याचे वाटले असेल. परंतु त्या तरुणाला हा निर्णय मान्य झाला नाही. तो थेट प्राचार्यांकडे गेला आणि आपल्याला एक संधी द्यावी अशी त्याने विनंती केली. प्राचार्यांनी ती मान्य केली. स्पर्धेत त्याने आपल्याहून थोराड अशा एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना चीत केले. पाहणारे थक्क झाले. हा तरुण म्हणजेच खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे संगम होतो, त्या कऱ्हाड शहराजवळ हे गाव आहे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. त्यांच्या पाच मुलांपैकी खाशाबा सर्वांत धाकटे. पाच वर्षांचे असतानाच वडिलांनी त्यांना तालमीची माती दाखविली. ती माती साधी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती मऊ केलेली असते. म्हणजे पडले तरी इजा होत नाही आणि खरचटले तरी जखम चिघळत नाही. या मातीत खाशाबांचे बालपण गेले. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला, तेव्हा या शाळकरी मुलानेही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे व त्यांचे निरोप पोहोचविण्याचे काम केले.

देह लहान, तर मग बळ आणावे कोठून? खाशाबांनी ते चपळाईतून व डावपेचांतून आणले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडावयाची, क्षणार्धात वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालावयाची आणि त्याला वरून फेकून पाठीवर आणावयाचे, असा हा डाव आहे. ठेंगण्या मल्लाची कंबर उंच मल्लाच्या कंबरेखाली सहज शिरते. ज्या उंचीमुळे त्यांचे नाव नाकारले गेले, तीच उंची येथे उपयोगी पडे. मात्र हे वळणे विजेसारखे झाले पाहिजे. अर्धा क्षण उशीर झाला, तर डाव टाकणाराच खाली सापडतो. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांनी ही सफाई मिळविली.

याच सुमारास त्यांच्यापुढे एक नवे क्षेत्र उघडले. ऑलिंपिक स्पर्धांत मल्लांचे वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. ठरलेल्या वजनाहून एक ग्रॅमही अधिक भरलेला मल्ल त्या गटात उतरू शकत नाही. म्हणजे हलक्या मल्लाची गाठ हलक्याशीच पडते. लहान चणीच्या माणसाला यात न्याय आहे, तशी कसोटीही आहे. समोरचा मोठा होता म्हणून मी हरलो, ही सबब तेथे चालत नाही.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. ५२ किलो वजनाच्या गटात ते उतरले. तोपर्यंतचे त्यांचे सारे आयुष्य मातीत गेले होते. लंडनमध्ये मात्र गादी होती. मातीत पाय रुततो व आधार सापडतो, गादीवर तो सरकतो. मातीतील कुस्ती पाठ लागेपर्यंत चालते. येथे घड्याळ होते, गुण होते, परक्या भाषेत इशारे देणारे पंच होते. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना या कुस्तीची ओळख करून दिली. तरीही खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील मल्लांना हरविले. पुढे इराणच्या मल्लाकडून त्यांचा पराभव झाला आणि त्यांना सहावा क्रमांक मिळाला. गादीची नीट ओळखही नसलेल्या मल्लाला ही मजल थोडी नव्हती. खाशाबांना मात्र तीत समाधान वाटले नाही.

पुढची चार वर्षे त्यांनी एकाच ध्येयासाठी वेचली. शेकडो जोर आणि हजार-हजार बैठका हा त्यांचा नित्यक्रम झाला. त्यांनी आपले वजन वाढविले व ५२ किलोंच्या गटातून ५७ किलोंच्या गटात जाण्याचे ठरविले. या गटातील मल्ल अंगाने अधिक भरलेले असत. पण आता खाशाबाही पूर्वीचे राहिले नव्हते.

१९५२ च्या ऑलिंपिक स्पर्धा फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होणार होत्या. तेथे पोहोचण्यापूर्वीच दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अडचण निवडीची. निवडीच्या कुस्तीत केवळ एका गुणाने त्यांना पराभूत ठरविण्यात आले. हा निर्णय अन्यायाचा आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची आवड होती व जाणही होती. त्यांनी पुन्हा कुस्ती लावण्याची व्यवस्था केली. त्याच प्रतिस्पर्ध्याला खाशाबांनी या वेळी निर्विवादपणे हरविले. महाविद्यालयात प्राचार्यांकडे जाणारा तरुण आणि महाराजांकडे दाद मागणारा मल्ल, दोन्ही प्रसंगी मागणी एकच होती: उपकार नको, आखाडा द्या.

दुसरी अडचण पैशाची होती. निवड झाली तरी प्रवासाचा खर्च मल्लानेच उभा करावा, अशी त्या वेळची स्थिती होती. खाशाबा व त्यांचे स्नेही गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत केली. सरकारकडून काही रक्कम मिळाली. तरीही आकडा पुरा होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती, याची कल्पना आज येणे कठीण. आपल्या विद्यार्थ्याच्या मनगटावर एका शिक्षकाने आपले राहते घर पणाला लावले होते.

हेलसिंकीला खाशाबांच्या गटात अनेक देशांचे नामांकित मल्ल होते. पहिल्या कुस्तीत त्यांनी कॅनडाच्या मल्लाला चीत केले. ती कुस्ती बराच वेळ, म्हणजे चौदा मिनिटांहून अधिक चालली. मेक्सिकोच्या मल्लाला तर त्यांनी साडेपाच मिनिटांच्या आतच पाठीवर आणले. जर्मनीच्या मल्लालाही त्यांनी गुणांवर हरविले. आता राहिले ते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव. दोघेही फार तयारीचे मल्ल. इशी यांच्याशी झालेली लढत दीर्घकाळ चालली. अशा दमछाक करणाऱ्या कुस्त्यांच्या मध्ये खाशाबांना पुरेशी विश्रांती मिळाली नाही व त्यांची बाजू मांडावयास तेथे कोणी अधिकारी हजर नव्हता, असे पुढे सांगितले गेले. या दोन्ही कुस्त्या ते हरले. इशी यांना सुवर्णपदक मिळाले. युद्धानंतर जपानला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिलेच सुवर्णपदक होय. ममदबेयोव यांना रौप्यपदक, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

त्याच स्पर्धांत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. पण हॉकीचे यश अकरा जणांचे असते. एकट्या खेळाडूने मिळविलेले स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक पदक खाशाबांच्या गळ्यात पडले. कोल्हापूर भागातील दुसरे मल्ल केशव माणगावे हेही याच स्पर्धांत होते. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडचे स्टेशन माणसांनी फुलून गेले होते. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल यांना खळ नव्हता. एरवी पाव तासात संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. मिरवणूक संपली, गुलाल धुऊन गेला आणि खाशाबांना आठवण झाली ती गहाण पडलेल्या घराची. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत ते स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकाइतकेच हे कामही त्यांना महत्त्वाचे वाटत होते, असे दिसते.

पण केवळ पदकावर माणसाचे पोट भरत नाही. मल्लाला खुराक लागतो, घर चालवावे लागते. १९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलीस दलातील कुस्तीच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची इच्छा होती. परंतु गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ती इच्छा अपुरी राहिली. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी पोलिसांत नोकरी केली. बढती फार सावकाश मिळाली; सेवेच्या अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त झाले. जगातील तीन उत्तम मल्लांत ज्यांची गणना झाली होती, त्यांना सरकारदरबारी मान मिळण्यास मात्र फार विलंब लागला. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, हे त्यांतल्या त्यात समाधान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

खाशाबांच्या पदकानंतर तब्बल ४४ वर्षे एकट्या भारतीय खेळाडूला ऑलिंपिक पदक मिळाले नाही. १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ही उणीव भरून काढली. कुस्तीतील पुढच्या पदकासाठी तर २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला आता खाशाबांचे नाव आहे. २०२१ साली टोकियोत रवी दहिया यांनी रौप्यपदक आणि २०२४ साली पॅरिसमध्ये अमन सेहरावत यांनी कांस्यपदक जिंकले. त्या दोघांच्याही गटाचे वजन ५७ किलोच होते.