डॉ. वसंत रामजी खानोलकर

कर्करोग हा दैवाचा घाला आहे, तो कोणावर पडेल व कोणास सोडील हें मनुष्याच्या हातीं नाहीं, अशी समजूत आपल्या समाजांत फार दिवस होती आणि अजूनही ती समूळ गेलेली नाहीं. या समजुतीच्या मुळाशीं जाऊन, रोग्यांच्या रोजच्या चालीरीतींत रोगाचें कारण शोधणाऱ्या आरंभींच्या भारतीय संशोधकांत डॉ. खानोलकर यांची गणना होते. वैद्यकाच्या जगांत त्यांचें नांव मोठें; परंतु आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानांवर तें आलें असेल, म्हणून त्यांच्या चरित्राची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

ता. १३ एप्रिल १८९५ रोजीं एका गोमंतकीय कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचें उच्च शिक्षण त्यांनीं लंडन विद्यापीठांत घेतलें व १९२३ सालीं विकृतिशास्त्र या विषयांत एम्. डी. ही पदवी संपादन केली. रोगामुळें शरीराच्या अवयवांत काय फेरफार होतात हें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून ठरविणारें तें विकृतिशास्त्र होय. या शास्त्राचा उपासक पडद्याआड राहून निदान करतो. रोग्याच्या आप्तांचे धन्यवाद त्याच्या वाट्यास सहसा येत नाहींत. असें असूनही विलायतेंत शिकून आलेल्या या तरुणानें मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत व सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत याच विषयाचें अध्यापन केलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें आणि तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा डॉ. खानोलकर यांनीं उचलली. नाना प्रांतांचे, नाना जातींचे व नाना भाषा बोलणारे रोगी त्या एका छपराखालीं येत. दुसरा कोणी असता तर त्यानें कापून काढलेली गांठ तपासून निकाल लिहून दिला असता व तेवढ्यावर आपलें काम संपलें असें मानलें असतें. डॉ. खानोलकर यांनीं गांठीबरोबर तो मनुष्यही पाहिला. रोगी कोठला, तंबाखू खातो कीं ओढतो, ती तोंडांत कोठें धरतो, वस्त्र कसें नेसतो, या गोष्टींस त्यांनीं सूक्ष्मदर्शकांतील चित्राइतकीच किंमत दिली. मुंबईंत आढळलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रोग्यांची पाहणी त्यांनीं १९४४ सालीं अमेरिकेंतील एका संशोधनपत्रांत प्रसिद्ध केली. युरोपांत तुलनेनें विरळ असलेला हा रोग आपल्याकडे केवढा पसरला आहे, हें तींत स्पष्ट दिसून आलें.

पुढच्याच वर्षीं डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनीं जो निबंध लिहिला तो तर फारच उद्‌बोधक आहे. रूढींमुळें होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यांनीं त्यांत वर्णिले. बिहारकडील लोक तंबाखू व चुना एकत्र मळून ती खैनी खालच्या ओठाच्या आंत, हिरड्यालगत धरून ठेवतात. त्यांस नेमक्या त्याच जागीं रोग जडतो. आंध्राच्या किनाऱ्यावर चुट्टा नांवाची जाड विडी पेटतें टोंक तोंडांत घेऊन ओढण्याची चाल आहे, आणि ती विशेषेंकरून स्त्रियांत. त्यांचा रोग टाळूवर उठतो. तिसरा प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षें कमरेस धोतर घट्ट आवळल्यामुळें जेथें कातडी घासते तेथें तो होतो. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. तीन प्रांत, तीन चाली, आणि प्रत्येक वेळीं रोग बरोबर त्या चालीच्या जागेवर! रोगाचें कारण वंशांत असतें तर त्यानें अशी जागा निवडली नसती. जें सवयीनें येतें तें सवय सोडल्यानें टळूं शकतें, हा त्याचा अर्थ. आणि शस्त्रक्रिया व किरणोपचार यांवांचून दुसरा उपाय फारसा हातीं नसलेल्या त्या काळांत ही आशा लहान नव्हती.

१९५२ सालीं मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें व त्याचे पहिले संचालक डॉ. खानोलकर झाले. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखे नामांकित संशोधक त्यांच्या हाताखालीं तयार झाले. कुष्ठरोगावरही त्यांनीं मोलाचें संशोधन केलें. मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचें अध्यक्षपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान व पद्मभूषण ही पदवी त्यांस लाभली. ता. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते निवर्तले.

त्यांच्या संस्थेंतील पुढील पिढीनें याच विषयाची दुसरी बाजू तपासली, ती सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. आपल्या पानाच्या तबकांत पान, सुपारी, चुना, कात व कित्येकदां तंबाखू असते. हीं सर्व वनस्पतींचींच द्रव्यें, एक चुना तेवढा वगळला तर. मग यांत विष कोणतें? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९८५ सालीं तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरविला, आणि २००३ सालीं एकटी सुपारीही तशीच ठरविली. पण खुद्द विड्याच्या पानाची गोष्ट निराळी निघाली. १९९१-९२ च्या सुमारास मुंबईच्या संशोधकांनीं उंदरांना व हॅमस्टर नांवाच्या प्राण्यांना विड्याच्या पानाचा अर्क व हळद देऊन पाहिली. हॅमस्टरच्या गालांत धान्य सांठविण्याच्या पिशव्या असतात, म्हणून तोंडाच्या कर्करोगाच्या प्रयोगास तो फार सोयीचा. कर्करोग उत्पन्न करणारें रसायन लावूनही, ज्यांस पान व हळद मिळाली त्या प्राण्यांत गांठी कमी झाल्या. पानांतील हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल व युजेनॉल आणि हळदींतील पिवळें कर्क्युमिन हीं द्रव्यें त्या विषाचें बळ कमी करतात व शरीराच्या विषहारक शक्तीस साह्य करतात, असा त्याचा उलगडा करण्यांत आला.

हें वाचून कोणी हळदीच्या गोळ्या विकत घेण्यास धांवूं नये. कर्क्युमिन पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. गाजरांत विपुल असलेलें बीटाकॅरोटीन कर्करोगास अटकाव करील या आशेनें फिनलंडांत २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर मोठा प्रयोग झाला होता. त्याचा निकाल १९९४ सालीं लागला तेव्हां, ज्यांस तें द्रव्य दिलें होतें त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक आढळला! रोजच्या जेवणांतील भाजी-फळें ही एक गोष्ट, आणि त्यांतून वेगळें काढून गोळींत भरलेलें द्रव्य ही दुसरी. शिवाय विड्यांत पान असलें तरी सुपारी व तंबाखू यांची बाधा त्यानें टळत नाहीं.

आमच्या लकडगंजांतील लाकडाच्या वखारींपासून पानठेला कांहीं लांब नाहीं, आणि तेथें विड्यापेक्षां खर्रा अधिक खपतो. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून तो पन्नींत बांधून देतात. तबकांतील ज्या एका वस्तूनें प्रयोगशाळेंत थोडें तरी रक्षण केलें, तें पान खर्र्यांत मुळींच नसतें. डॉ. खानोलकर यांच्या त्या यादींत चौथा प्रकार म्हणून नोंदण्याजोगी ही आमच्या नागपुराची चाल आहे, आणि ती खाणारे कित्येक जण आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत.